उचलणें आणि ठेवणें

श्रोतेहो, आजचा माझा विषय हाताच्या एका हालचालीचा आहे, आणि नभोवाणीवरून हात दाखवितां येत नाहीं, ही माझी पहिलीच अडचण. तेव्हां आपणांस विनंति अशी कीं, प्रारंभीं आपण एक चित्र मनाशीं कल्पावें. माघाचे दिवस आहेत. वणीच्या बाजाराच्या आवारांत एक हमाल गाडीवरून तुरीचें पोतें उचलतो आणि पाठीवर घेऊन चालूं लागतो. पोत्याला एक चिठ्ठी लावलेली आहे. तो ज्या ज्या वखारीच्या दारावरून जातो, तेथील माणूस त्याला कांहीं तरी सांगतो: 'येथें नको', 'पुढें ने', आणि एका दारांत कोणी म्हणतो, 'हां, येऊं दे.' तेथें हमाल पोतें उतरवितो, वखारवाला चिठ्ठी वाचून वहींत नोंद करतो, आणि हमाल गाडीवाल्याकडे परत जाऊन 'पोंचलें' म्हणून सांगतो. कोणींच घेतलें नाहीं तर पोतें गाडीवर परत येतें, आणि तेंहि गाडीवाल्याला कळतें.

हें चित्र पक्कें झालें म्हणजे माझें निम्में काम झालें. संगणकाच्या पडद्यावरील पान, म्हणजे ज्याला आज शाळेंतलें पोरहि वेबपेज म्हणून ओळखतें, त्यावर एखादें चित्र किंवा पत्ता माऊसनें धरून दुसरीकडे ओढीत नेतां येतो व तेथें सोडतां येतो. ह्या क्रियेला ड्रॅग अँड ड्रॉप असें नांव रूढ आहे; मी आपल्यापुरतें तिला 'उचल-ठेव' म्हणणार आहें. करणाऱ्याला ती एकच सलग क्रिया वाटते. पान लिहिणाऱ्याला मात्र ती सात निरनिराळ्या बातम्यांच्या रूपानें कळते. त्यांपैकीं कोणती बातमी केव्हां ऐकावी आणि कोणत्या बातमीला काय उत्तर द्यावें, हें न उमगल्यामुळें भलेभले लोक रात्रीच्या रात्री जागतात. मीहि जागलों आहें. तेवढाच माझा ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार.

माझें वास्तव्य मुकुटबन येथें असतें. हें गांव यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यांत, तेलंगणाच्या सीमेपासून फार दूर नाहीं. भोंवतालीं कापसाचीं शेतें. जमिनीच्या पोटांत चुनखडी आणि कोळसा. अलीकडे सिमेंटचा मोठा कारखाना उभा राहिला असून त्याच्या मालमोटारींनीं रस्त्याचें रूपच पालटून टाकलें आहे. बाजाराच्या दिवशीं मराठी, तेलुगु, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषा एकाच वेळीं कानांवर पडतात. येथील एका शाळेंतील मुलांकरितां मीं एक लहानसें पान तयार केलें. कापसाच्या शेतीचीं पांच कामें पांच पत्त्यांवर लिहिलीं: वखरणी, टोबणी, डवरणी, निंदण आणि वेचणी. समोर पांच रिकामे चौकोन ठेविले. मुलांनीं पत्ते उचलावे आणि योग्य क्रमानें चौकोनांत ठेवावे, एवढाच खेळ. ह्या कामांची माहिती मुलांना माझ्यापेक्षां अधिक होती, हें मला ठाऊक होतें. त्यांतल्या कित्येकांची घरची भाषा कोलामी. ती द्राविड कुळांतली, मराठीशीं तिचें नातें शेजारधर्माचें. त्यांना मराठी अक्षर ओळखीच्या वस्तूंतून वाचावयास मिळावें, हा माझा हेतु.

आतां त्या सात बातम्या. पत्ता जागचा हलूं लागतांच पत्त्याकडून 'ड्रॅगस्टार्ट' ही पहिली बातमी येते. तो फिरत असेपर्यंत 'ड्रॅग' ही बातमी पुनःपुन्हां येत राहते. ओझें एखाद्या चौकोनाच्या हद्दींत शिरलें कीं त्या चौकोनाला 'ड्रॅगएंटर' ही बातमी मिळते. वर तरंगत असेपर्यंत 'ड्रॅगओव्हर', आणि हद्द सोडली कीं 'ड्रॅगलीव्ह'. माऊसचें बटण सुटलें आणि चौकोनानें ओझें घेतलें, तर 'ड्रॉप'. सरतेशेवटीं, ओझें पोंचो वा न पोंचो, मूळ पत्त्याला 'ड्रॅगएंड'. म्हणजे कांहीं बातम्या गाडीवाल्याच्या आणि कांहीं वखारवाल्याच्या. ही वांटणी ज्याच्या ध्यानांत राहिली त्याचे निम्मे घोटाळे टळतात. हेंहि सांगून ठेवतों कीं, ओझें हवेंत असेपर्यंत माऊस हलल्याच्या नेहमींच्या बातम्या पानाला मिळत नाहींत. आणि एस्केपची कळ दाबली तर सगळाच व्यवहार मोडतो, ओझें मूळ जागीं परत येतें.

पहिल्या रात्रीं मीं पत्त्यांवर 'हा उचलतां येतो' अशी खूण केली. चित्रें, दुवे आणि निवडलेला मजकूर हीं ब्राउझर आपण होऊन उचलूं देतो; इतर वस्तूंना ही खूण लागते. मग प्रत्येक चौकोनाला सांगून ठेविलें कीं, 'ड्रॉप'ची बातमी आली म्हणजे पत्ता आंत घे. आतां झालें, असें म्हणून मीं वखरणीचा पत्ता धरला, पहिल्या चौकोनावर नेला व सोडला. पत्ता निमूटपणें मूळ जागीं गेला. पुन्हां नेला, पुन्हां गेला. 'ड्रॉप'ची बातमी चौकोनाला मिळतच नव्हती. लिहिलेली ओळ न् ओळ मीं तपासली, शुद्धलेखन पाहिलें, संगणक बंद करून पुन्हां सुरू केला. हा शेवटचा उपाय आपण सगळेच करतों, आणि कां करतों तें कोणीच सांगूं शकत नाहीं. अखेर दोन रात्री गेल्यावर उमगलें कीं, चूक 'ड्रॉप'मध्यें नव्हतीच. चूक त्याच्या आधींच्या बातमींत होती, जिला मीं उत्तरच दिलें नव्हतें.

गोष्ट अशी आहे. ओझें चौकोनावर तरंगत असतां ब्राउझर त्या चौकोनाला 'ड्रॅगओव्हर' ह्या बातमीनें सतत विचारीत असतो: घेणार कां? चौकोन गप्प राहिला तर ब्राउझर त्याचा अर्थ 'नाहीं' असा घेतो. आपल्याकडे मौन ही संमति समजतात. येथें मौन हा नकार आहे. आणि होकार देण्याची तऱ्हा तर त्याहून विचित्र. 'येऊं दे' असा शब्दच ह्या भाषेंत नाहीं. ब्राउझरची नेहमींची रीति नकाराची, म्हणून चौकोनानें 'तुझी नेहमींची रीति थांबव' असें सांगावयाचें, कीं तो झाला होकार! ह्या आज्ञेचें नांव 'प्रिव्हेंट डिफॉल्ट'. अडवणाऱ्याला अडविलें म्हणजे वाट मोकळी होते, असा हा न्याय आहे. आणि जो प्रथमच हें काम करावयास बसतो त्याला तो कोणीं सांगितल्यावांचून सुचणें कठीण. बरें, एकदां सांगून भागत नाहीं. प्रमाणग्रंथाप्रमाणें ही विचारणा दर ३५० मिलिसेकंदांस, दोनशें इकडेतिकडे, अशी होत राहावी. कित्येक ब्राउझर तर याहून पुष्कळ जलद विचारतात. प्रत्येक वेळीं उत्तर दिलें पाहिजे, आणि तें चटकन् दिलें पाहिजे. ह्या जागीं कोणी मोठा हिशेब मांडून बसला तर ओझें हातांत अडखळत चालतें. वखारीच्या दारांत उभा राहून जो हमालाला 'थांब हं, जरा वही पाहतों' म्हणतो, त्याच्यासारखी ती गत होते.

नकार हीच मूळ रीति कां असावी? मला ती योग्य वाटते. पानावर शेंकडों वस्तु असतात: मथळे, परिच्छेद, चित्रें, समास. त्या प्रत्येकीनें वरून जाणारें ओझें झेलावयाचें ठरविलें तर कोणाचें पोतें कोठें पडेल ह्याचा नेम राहणार नाहीं. ज्याला घ्यावयाचें आहे त्यानें बोलावें, बाकीच्यांनीं गप्प राहावें, हा सोईचा कायदा आहे. तक्रार आहे ती होकाराच्या शब्दाविषयीं.

हा शब्द असा वांकडा कां झाला, ह्याला इतिहास आहे. माऊस हें यंत्र डग्लस एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेंत १९६४ च्या सुमारास लांकडाचें घडविलें गेलें, आणि ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें त्यांनीं तें जाहीर सभेंत चालवून दाखविलें. पुढें १९८४ च्या मॅकिंतॉश संगणकानें कागदाचें चित्र उचलून केराच्या टोपलींत टाकावयाची संवय सामान्य माणसाला लावली. तोंपर्यंत वेबचा जन्मच झालेला नव्हता. वेबपानांना ही उचल-ठेव मिळाली ती १९९९ सालीं, मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या पांचव्या आवृत्तींत. एका कंपनीनें आपल्या सोईनें बांधलेली ती वाट होती. इतरांनीं ती पाहून पाहून उचलली. आणि पुढें एचटीएमएल भाषेच्या प्रमाणग्रंथाचे संपादक इयन हिक्सन यांनीं नवा रस्ता आंखण्याऐवजीं चालू वाटेचाच नकाशा काढून ग्रंथांत घातला. ग्रंथाच्या आभारांत मायक्रोसॉफ्टच्या त्या कारागिरांचा उल्लेख आहे. ॲमस्टरडॅमचे पीटर-पॉल कोख हे ब्राउझरांच्या परीक्षेकरितां प्रसिद्ध असलेले गृहस्थ. त्यांनीं २००९ सालीं ह्या सगळ्या प्रकाराला चक्क अरिष्ट म्हणून आपला संताप प्रसिद्ध केला. त्यांचें लिखाण मीं वाचलें तें माझ्या दोन रात्री वायां गेल्यानंतर. आणि खोटें कशाला बोलूं, वाचून बरें वाटलें.

परंतु त्या जुन्या कारागिरांनीं एक गोष्ट फार विचारपूर्वक केली आहे, आणि ती म्हणजे चिठ्ठी. उचलतांना, म्हणजे 'ड्रॅगस्टार्ट'च्या वेळीं, ओझ्याबरोबर एक चिठ्ठी जोडतां येते. तिच्यावर मजकुराचा प्रकार लिहावयाचा आणि आंत मजकूर घालावयाचा. (फायरफॉक्स ब्राउझरमध्यें तर पुष्कळ वर्षें चिठ्ठी जोडल्यावांचून ओझें उचललेंच जात नसे.) ओझें प्रवासांत असतां वाटेवरल्या चौकोनांना चिठ्ठीवरचा प्रकार वाचतां येतो, आंतला मजकूर वाचतां येत नाहीं. पाकीट बंद असतें. तें उघडावयाची मुभा मिळते ती फक्त 'ड्रॉप'च्या क्षणीं, आणि ज्याच्या अंगणांत ओझें पडलें त्यालाच. पहिल्यानें मला ही कटकट वाटली. मग लक्षांत आलें कीं, माणूस आपला खाजगी मजकूर एका खिडकींतून उचलून दुसऱ्या खिडकींत नेत असतो आणि वाटेंत तिसऱ्याच कोणाच्या पानावरून त्याचा हात जातो. त्या तिसऱ्याला तो मजकूर जातां जातां वाचतां आला असता तर? पत्राचें पाकीट वाटेवरल्या प्रत्येक गांवीं उघडलें जाऊं नये, एवढीच ही खबरदारी. चौकोनाला मात्र प्रकार कळतो, आणि तेवढ्यावरून 'हा पत्ता आहे, घेतों' किंवा 'हें भलतेंच कांहीं आहे, नको' असें त्याला ठरवितां येतें.

एक लहानसा घोटाळा सांगतों आणि पुढें जातों. ओझें चौकोनावर आलें कीं त्याची कड हिरवी व्हावी व गेलें कीं पूर्ववत् व्हावी, अशी मीं योजना केली. पण कड लुकलुकूं लागली. कारण चौकोनाच्या आंत एक आंकडा लिहिलेला होता. ओझें चौकोनावरून त्या आंकड्यावर गेलें कीं चौकोनाला 'ओझें गेलें' अशी बातमी मिळे. पाहुणा ओसरीवरून माजघरांत गेला, आणि पहारेकऱ्यानें ओरडावें कीं पाहुणा घर सोडून गेला, तसें तें. त्यावर उपाय म्हणजे आंत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या बातम्यांची मोजदाद ठेवणें, अथवा ओझें आतां कोठें गेलें तें विचारून पाहणें. आंतल्याच खोलींत गेलें असेल तर दुर्लक्ष करावें.

येथवर मुलांचा खेळ झाला. आतां जें सांगावयाचें आहे तें खेळाचें नाहीं. आज शेतकऱ्याला अर्ज करावयाचा तो पडद्यावरच्या पानांतून. सातबारा, आधारकार्ड आणि बँकेच्या पासबुकाचें पहिलें पान ह्यांचीं चित्रें त्या पानावर चढवावीं लागतात. अशा पानांवर पुष्कळदां एक तुटक रेघांची चौकट असते आणि 'फाइल येथें आणून सोडा' असें तींत लिहिलेलें असतें. आमच्या भागांतील एका सेवाकेंद्रांत मी एकदां बसलों होतों. मुदतीचा शेवटचा दिवस. बांकावर, पायरीवर, झाडाखालीं माणसें. एका वृद्ध शेतकऱ्याचा लांबलचक अर्ज भरत आला होता. केंद्रांतल्या तरुणानें पासबुकाचें चित्र उचललें आणि चौकटींत सोडलें. म्हणजे, चौकटींत सोडलें असें त्याला वाटलें. हात दोन बोटें अलीकडे सुटला होता. क्षणांत अर्ज नाहींसा झाला आणि सगळा पडदा भरून पासबुकाचें चित्र उभें राहिलें. मागें जावें तर कोरे रकाने. तरुण कांहीं बोलला नाहीं. शेतकऱ्यानें विचारलें, 'फोटो तर चांगला आला, मग काय झालें?'

काय झालें, तें आतां आपणांस सांगतां येईल. बाहेरून आलेली फाइल जर पानाच्या एखाद्या मोकळ्या जागीं पडली आणि पानानें तिची दखल घेतली नाहीं, तर फाइल उघडून दाखविणें ही ब्राउझरची नेहमींची रीति आहे. कांहीं ब्राउझर ती नव्या खिडकींत उघडतात, तेव्हां जुनें पान वांचतें. कांहीं त्याच जागीं उघडतात, तेव्हां आधींचें पान जातें. त्या संगणकावरील ब्राउझर दुसऱ्या जातीचा होता. पान लिहिणाऱ्यानें चौकट जागी ठेविली, पण अंगण निजलेलें ठेविलें. त्याला एवढेंच करावयास हवें होतें कीं, चौकटीबाहेरच्या साऱ्या पानालाहि 'ड्रॅगओव्हर' आणि 'ड्रॉप' ह्या दोन बातम्या ऐकावयास लावून तेथें नेहमींची रीति थांबवावी, आणि मग ओझें कोठेंच घेऊं नये. दोन ओळींचें काम. अर्ज त्या दिवशीं पुन्हां भरला गेला, पण तासभर अधिक लागला. आणि त्या शेतकऱ्याची शेवटची बस गेली. रात्रीं तो कोठें राहिला तें मला ठाऊक नाहीं. हें मी सांगतों तें त्या तरुणाला दोष देण्याकरितां नव्हे. दोन बोटांची चूक कोणाच्याहि हातून होते. पण लिहिणाऱ्यानें ती गृहीत धरावयास हवी होती.

आतां माझी स्वतःची चूक. माझें पान माझ्या टेबलावर उत्तम चालूं लागलें, तेव्हां मी मोठ्या ऐटींत शाळेंत गेलों. शाळेंत संगणक एकच. तेव्हां मुलांनीं घरून मोबाईल आणावे असें आदल्या दिवशीं सांगितलें होतें. बापाचे, काकांचे, थोरल्या भावाचे असे कांच तडकलेले दहाबारा फोन जमले. मुलांनीं पान उघडलें, पत्त्यावर बोट ठेविलें आणि ओढलें. पत्ता हलला नाहीं. सगळें पानच वर सरकलें. जोरानें ओढलें तर जोरानें सरकलें. एका मुलानें मला सांगितलें, 'सर, ह्याला गोंद लावलाय.'

कारण असें कीं, ही उचल-ठेव माऊसच्या युगांत जन्मली. माऊसच्या हालचालीला दुसरें काम नसतें. बोट ओढलें तर मात्र पान सरकवावयाचें कीं वस्तु उचलावयाची, हा संशय फोनला पडतो, आणि तो पान सरकविण्याचा अर्थ घेतो. आयपॅडवर ही सोय २०१७ सालीं अकराव्या आवृत्तीबरोबर आली. अँड्रॉइडवरहि पुढें बोट बराच वेळ दाबून धरल्यास उचलण्याची सोय झाली. परंतु बापाच्या जुन्या फोनवर तिचा भरंवसा धरतां येत नाहीं, आणि 'बोट दाबून धर, थांब, मग ओढ' हें चाळीस मुलांना शिकविणें म्हणजे पत्ते बाजूलाच राहिले.

मग मीं दुसरा मार्ग धरला. माऊस, बोट आणि लेखणी ह्या तिघांना एकाच नजरेनें पाहणाऱ्या 'पॉइंटर' नांवाच्या बातम्या आहेत. २०१५ सालीं त्यांचें प्रमाण ठरलें. त्यांत मुख्यतः तीन गोष्टी कळतात: टेंकलें, हललें, उचललें गेलें. बाकीचें सगळें, म्हणजे पत्ता बोटाबरोबर हलविणें, खालीं कोणता चौकोन आहे तें शोधणें, होकार-नकार, हें लिहिणाऱ्यानें स्वतः करावयाचें. पत्त्यावर बोट असतां पान सरकवूं नये, अशी आज्ञाहि लिहावी लागते. तीं सर्व कामें मीं केलीं. पत्ते बोटाबरोबर हलूं लागले. आणि नवीच पंचाईत उभी राहिली: लहान फोनवर पत्त्यांनींच सगळा पडदा व्यापलेला, त्यांवर बोट ठेवून पान सरकेना, त्यामुळें खालचे चौकोन कोणाला दिसेनात!

अखेर जो उपाय सांपडला तो इतका साधा होता कीं सांगावयास संकोच वाटतो. पत्त्याला टिचकी मारावी. तो पिवळा होतो. मग चौकोनाला टिचकी मारावी. पत्ता तेथें जातो. ओढाओढ नाहींच. ज्याच्याजवळ माऊस आहे त्यानें खुशाल ओढावें; पण ओढल्यावांचून अडूं नये. हा कांहीं माझा शोध नव्हे. पानें सर्वांना वापरतां यावींत म्हणून जे जागतिक नियम केलेले आहेत, त्यांच्या ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तींत स्पष्टच म्हटलें आहे कीं, जें काम ओढून होतें तें न ओढतां, साध्या स्पर्शानेंहि झालें पाहिजे. अपवाद ज्या कामांत ओढणें हेंच सार आहे त्यांचा. कळफलकानेंहि सारें करतां यावें हा नियम तर त्याहून जुना. डोळ्यांनीं न दिसणारा माणूस पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनाच्या व कळांच्या आधारानेंच पान वापरतो. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, डिजिटल सेवा सर्वांना सुगम असणें हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. त्या वृद्ध शेतकऱ्याचा हात थरथरत होता हें मीं त्या दिवशीं पाहिलें होतें. त्याला घरीं बसून स्वतः तो अर्ज भरावयाचा असता, तर ती तुटक रेघांची चौकट त्याच्या काय कामाची? त्या चौकटीजवळ 'फाइल निवडा' असें साधें बटण असलेंच पाहिजे. चौकट ही वरची हौस आहे.

टिचकीचें पान झाल्यावर मुलांचें काम झपाट्यानें होऊं लागलें. आतां एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. जवळच्या एका पोडावरची एक मुलगी फोन घरीं घेऊन गेली आणि तिनें तें पान आपल्या आजीला दाखविलें. आजीला वाचतां येत नाहीं, आणि तिच्या बोटांना कंप आहे. नात पत्ते वाचून कोलामींत सांगे आणि आजी टिचकी मारी. दुसऱ्या दिवशीं मुलगी मला म्हणाली, 'आजी म्हणते, तुमचें पान चुकलें.' मीं विचारलें, काय चुकलें? वखरणी पहिली, मग टोबणी, मग डवरणी, मग निंदण, शेवटीं वेचणी. हा क्रम मीं दोन शेतकऱ्यांना विचारून घेतला होता. मुलगी म्हणाली, 'क्रम बरोबर आहे. पण डवरणी एकदांच कशी होईल? आजीनें निंदणानंतर पुन्हां डवरणी ठेवावयाला पाहिली, तर पत्ता संपला होता.'

आजीचें म्हणणें खरें होतें. पाऊस पडतो, तण वाढतें, डवरा चालतो, बायका निंदतात, पुन्हां पाऊस पडतो, पुन्हां डवरा चालतो. माझ्या पानांत पत्ता एकदां उचलला कीं मूळ जागा रिकामी होई, कारण मीं उचल-ठेवीचा प्रकार 'मूव्ह' म्हणजे स्थलांतर असा लिहिला होता. खरें म्हणजे उचलतांनाच गाडीवाल्यानें सांगावयाचें असतें कीं, हें ओझें हलवावयाचें आहे, कीं त्याची नक्कल द्यावयाची आहे, कीं त्याचा नुसता दुवा जोडावयाचा आहे. आणि वखारवाल्यानेंहि आपण त्यांतलें काय घेणार तें सांगावयाचें असतें. दोघांचें जुळलें तरच ओझें उतरतें. ह्या जुळणीविषयीं मीं पूर्वीं वाचलें होतें आणि आपल्याला ह्याची गरज नाहीं म्हणून सोडून दिलें होतें. त्या रात्रीं मीं डवरणी आणि निंदण ह्या दोन पत्त्यांचा प्रकार बदलून 'कॉपी' केला, टिचकीच्या वाटेलाहि तोच नियम लावला, आणि पांचाच्या जागीं नऊ चौकोन आंखले.

आतां वखरणी, टोबणी व वेचणी हे पत्ते उचलले कीं जागा रिकामी होते, आणि डवरणी व निंदण कितीहि वेळां उचला, तेथेंच असतात. गेल्या आठवड्यांत त्या मुलीनें नऊहि चौकोन भरून दाखविले; त्यांत डवरणी तीनदां होती आणि निंदण तीनदां. दहावा चौकोन कां नाहीं, असें आजीनें विचारलें आहे. वेचणीहि एकदांत होत नाहीं, असें तिचें म्हणणें.